नाराज गट (हल्याळ–जोयडा)

नाराज गट : पक्षाची उमेदवारी एकाला मिळाल्यावर मागे राहिलेल्या इच्छुकाच्या समर्थकांचा गट. हे नाव वर्तमानपत्रांचे. गटातली माणसे स्वतःला निष्ठावंत म्हणवतात, आणि पुष्कळदा ते खरेही असते. ‘आमच्या माणसाला डावलले, निदान आमची दखल घ्या’ हे त्यांचे मुख्य म्हणणे. या दखलीत विधान परिषद, सरकारी निगम-मंडळ, तालुका समितीतली पदे आणि पुढच्या निवडणुकीतली तिकिटे येतात. पक्ष याला पुनर्वसन म्हणतो.

गट जन्मतो तो बी फॉर्ममुळे. चिन्हासाठी पक्षाच्या उमेदवाराचे नाव कळवणारा हा कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचावा लागतो. सही शाईचीच हवी. शिक्का किंवा छापील सही चालत नाही. हा कागद कोणाच्या नावाने निघणार हे बेंगळुरूत वा दिल्लीत ठरते. मतदारसंघातल्या कार्यकर्त्याला त्यात मत नसते, म्हणून हरल्याची मोजदादही त्याच्यापाशी नसते. किती जण आपल्या बाजूने होते, हे त्याला पक्षाला पटवत बसावे लागते.

मोजदाद झाल्याचे एक उदाहरण विदर्भात आहे. 2014 च्या लोकसभेसाठी काँग्रेसने निवडक मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवले. वर्ध्यात सागर मेघे जिंकले, चारुलता टोकस हरल्या. लोकसभेत पराभव झाल्यावर मेघे त्याच वर्षी भाजपमध्ये गेले. टोकस काँग्रेसमध्येच राहिल्या; पुढे महिला काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद आणि 2019 ची वर्ध्याची उमेदवारी त्यांना मिळाली. पक्षांतर्गत मतदानात हरलेल्या बाजूची इतकी स्पष्ट दखल क्वचितच घेतली गेली असेल.

कर्नाटकातल्या हल्याळ विधानसभा मतदारसंघात हल्याळ, दांडेली आणि जोयडा येतात. मराठा मतदार हल्याळकडे मोठ्या संख्येने, तर जोयड्याच्या जंगलात कुणबी. येथे काँग्रेस म्हणजे अनेक वर्षे आर. व्ही. देशपांडे. त्यांच्याच पक्षातले विधान परिषदेचे माजी सदस्य एस. एल. घोटणेकर यांनी उमेदवारीवर दावा सांगितला. ती मिळत नाही असे दिसल्यावर ते धर्मनिरपेक्ष जनता दलात गेले आणि 2023 मध्ये उभे राहिले. देशपांडे यांना 57,240, भाजपचे सुनील हेगडे यांना 53,617 आणि घोटणेकरांना 28,814 मते पडली. म्हणजे विजयाचे अंतर 3,623 आणि तिसऱ्याची मते त्याच्या जवळपास आठपट. ही सगळी मते काँग्रेसचीच होती असे मानणे चूक ठरेल; पण इतकी माणसे मागे असलेला दावा तिकीटवाटपाच्या बैठकीत एका वाक्यात निकाली निघावा, हा कार्यकर्त्यांवर अन्यायच आहे.

जोयड्यातल्या अणशीसारख्या गावात या अन्यायाचे रूप वेगळे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातल्या या भागात घरे विखुरलेली. प्रचाराची गाडी कारवार–जोयडा रस्त्यावर थांबते. पुढे पायवाटेने वाडीवाडीत जाऊन मतदारयादीतले नाव दाखवणारा, म्हाताऱ्या माणसांना केंद्रापर्यंत आणणारा गावचाच असतो. तिकीट कोणालाही मिळो, हे काम त्याला करावेच लागते. गोव्यातल्या कुणब्यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, जोयड्यातल्या कुणब्यांची तीच मागणी पडून राहिली. त्यामुळे ‘आमचा माणूस वर हवा’ या बोलण्याला येथे पदाच्या हौशीपेक्षा पुष्कळ जास्त अर्थ आहे.

या अन्यायाची भरपाई करण्याच्या जागाही मोजक्याच. कर्नाटकात ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. चिन्ह मिळते ते तालुका आणि जिल्हा पंचायतीला, आणि 2021 मध्ये मुदत संपल्यावर त्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबत गेल्या. इच्छुकाला निगम-मंडळ तरी मागता येते. त्याच्यासाठी पायवाट तुडवलेल्या माणसाला मागण्यासारखी तीच एक तालुका पंचायतीची जागा होती.