बाप्तिस्म्यानंतरची चोवीस वर्षे

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी शिरवळला नीरा ओलांडतो आणि सातारा जिल्ह्यात येतो. पुढचा रस्ता समर्थांच्या सज्जनगडाकडे जातो, छत्रपतींच्या गादीकडे जातो. या जिल्ह्याच्या धर्मेतिहासातले आणखी एक पान मात्र सहसा कोणी उलगडत नाही. १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास येऊन राहिले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभारावयास घेतला. फुलामुलांचे कवी म्हणून टिळकांची ओळख पाठ्यपुस्तकांनी करून दिली. साताऱ्याचे टिळक त्या ओळखीत बसत नाहीत.

संत पौलाच्या पत्रांत नव्या माणसाची कल्पना वस्त्राच्या रूपकातून येते. जुना माणूस उतरवून ठेवायचा, नवा परिधान करायचा. रूपक मोठे बोलके आहे, पण त्यात एक धोका आहे. अंगरखा बदलण्याइतके हे काम झटपट होत असावे, असा त्यातून भास होतो. टिळकांच्या घराचा इतिहास पाहिला म्हणजे हा भास टिकत नाही. जुने काय आणि ते केव्हा गळून पडले, याचा क्रम तेथे कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे लागला नाही.

प्रारंभ सर्वपरिचित आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला हे ठाऊक नव्हते. लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने जे कोसळले त्याचे वर्णन 'स्मृतिचित्रे'त आहे. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांनी इतर सारे बाजूला ठेवून आधी ते वाचावे.

पुढची जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. आणि येथेच, माझ्या मते, या कथेचा खरा गाभा आहे. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या ते जलालपूरचे गोखल्यांचे घर सोवळ्याने झपाटलेले होते. वडिलांच्या सासऱ्यांना सत्तावन्नच्या उठावानंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना शुद्धाशुद्धतेचे जणू वेडच लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही. घरातल्या बायकांच्या वाट्याला या सोवळ्याचा जाच किती आला, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत सांगितले आहे. हसण्यामागचे भय मात्र लपत नाही. अशा घरातली मुलगी नवऱ्याकडे परत आली तेव्हा तिने स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले, यात नवल ते काय? नवऱ्यानेही तिच्यावर जबरदस्ती केली नाही, ही टिळकांची थोरवी. एरवी शीघ्रकोपी असलेला हा गृहस्थ येथे मात्र थांबून राहिला.

लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच लढवला. देवाने केला असता तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या देहातही तो दिसावयास हवा होता, असा त्यांचा साधा तर्क. तो पटल्यावर कोणाच्याही हातचे खाण्याचे त्यांनी ठरवले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. क्रम लक्षात घ्यावा: सोवळे आधी सुटले, धर्मांतर नंतर झाले. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले होते. त्यांच्या घरचा घोट घेणे ही, शास्त्रचर्चेत निष्णात असलेल्या कोणाही चित्तपावन धर्मांतरितापुढची, खरी परीक्षा होती. पुढे प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या लक्ष्मीबाई जलालपूरच्या त्या घरापासून किती दूर आल्या होत्या!

काही जुन्या गोष्टी मात्र टिळकांनी हट्टाने सोडल्या नाहीत. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सारे त्यांनी देवळातून चर्चमध्ये आणले. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पूल ओलांडल्यावर तो तोडून टाकावा, असे त्यांना कधी वाटले नाही. त्यांची भजने आजही 'उपासना संगीता'तून गायिली जातात.

आणि काही सवयी सोडाव्यात असे वाटूनही सुटल्या नाहीत. टिळकांचा राग, घरातली वस्तू उचलून दुसऱ्याला देऊन टाकणे, संसाराच्या हिशेबाकडे केलेली पाठ, एकाएकी गाव सोडून निघणे, हे बाप्तिस्म्याआधी होते तसेच नंतरही राहिले. लक्ष्मीबाई यावर पांघरूण घालत नाहीत. धर्मांतराच्या कथांत सहसा 'पूर्वीचा मी' काळा आणि 'आताचा मी' पांढरा असतो. 'स्मृतिचित्रे'त तशी रेघ कोठेच नाही. म्हणूनच ते पुस्तक विश्वासार्ह वाटते.

मिशनच्या पगाराचा प्रश्न सर्वांत उशिरा सुटला. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळीत. प्रतिष्ठा होती, निर्वाह होता. पण परदेशी पैशावर पोसलेला ख्रिस्ती हा आपल्याच देशात परका ठरतो, हे शल्य त्यांना बोचत राहिले. हिंदूंना सोवळ्याचे, तसे मंडळीला मिशनच्या आधाराचे व्यसन जडले आहे, अशी काहीशी त्यांची भावना असावी. पंचावन्नी उलटल्यावर त्यांनी तो आधार सोडला. संसारात राहूनच संन्यस्त होण्याचा त्यांचा बेत होता. साताऱ्याच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सारेच बंधू व्हावयाचे होते. ज्या विधीसाठी त्यांनी १८९५ साली घरदार पणास लावले, तोच विधी आता त्यांनी दरबाराच्या दारातली अट म्हणून ठेवला नाही! जुन्या मंडळींना हे पचले नाही, याचे आश्चर्य वाटू नये.

दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ती रिवाज दफनाचा. टिळकांनी मात्र आपल्या देहाचे दहन व्हावे, अशी इच्छा नोंदवून ठेवली होती. त्याप्रमाणे मुंबईत अग्निसंस्कार झाला आणि अस्थी तेव्हाच्या अहमदनगरला नेऊन पुरण्यात आल्या.