सामाईक साधनसंपत्ती आणि वाट्याचा प्रश्न

संविधानाचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामप्रजासत्ताकाच्या कल्पनेवर कठोर टीका केली आणि राज्यरचनेचा घटक गाव न मानता व्यक्ती मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. पाणी, कुरण व वन यांचा कारभार गावसमूहाकडेच असावा, असे प्रतिपादन गेली काही दशके आग्रहाने होत आहे. ते ऐकताना आंबेडकरी वाचकाच्या मनात प्रथम हीच टीका जागी होते, आणि ते अनाठायी नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुलेही केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी तेथे पाणी प्यायलेल्या सत्याग्रहींना मार खावा लागला. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि न्यायालयातील अंतिम निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले. महाड हे काही खेडे नव्हे. परंतु ‘सर्वांचे’ या शब्दातील सर्व म्हणजे कोण, हा प्रश्न तेथे जितका उघडा पडला तितका अन्यत्र क्वचितच पडला असेल.

असे असले तरी सामूहिक व्यवस्थापनाची परंपरा सरसकट टाकाऊ ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आदी नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धती पाहावी. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणावयाचे, लाभक्षेत्राचे फड पाडावयाचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. जमीन ज्याची त्याची, पण पिकाचा निर्णय सामाईक. बहुधा प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे टंचाईच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला, तरी झळ एकट्यालाच लागत नसे. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यास शेतकरीच मोबदला देत. सरकारी हुकमावाचून चाललेला हा कारभार खरोखर कौतुकास्पद होता. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, ऊस आला आणि ही घडी विस्कटत गेली. तथापि तिचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पाण्याचा वाटा जमिनीमागे जात होता. ज्याच्या नावे जमीन नाही, तो या न्यायाच्या कक्षेबाहेरच होता.

ही गाठ सोडविण्याचा विचारपूर्वक प्रयत्न १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात झाला. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे प्रयोग करून पाणी पंचायतीची तत्त्वे घडविली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यावयाचे : दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. उसासारख्या पिकास मनाई. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी उचलावयाचा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. आणि भूमिहीनासही तो हक्क राहील. मसुद्यात घटक म्हणून व्यक्ती आली, तशी येथे पाण्याच्या हिशेबात ती आली, असे म्हणावेसे वाटते. अर्थात ज्याला जमीनच नाही, त्याने हे पाणी वापरावयाचे कोठे, ही अडचण उरतेच. दुसऱ्याची जमीन वाट्याने करणे हा एक मार्ग, पण तेथे पुन्हा जमीनमालकाची मर्जी आली.

म्हणूनच पाण्याच्या प्रश्नापासून गायरानाचा प्रश्न वेगळा करता येत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत पडीक जमीन कसावयास द्या, ही प्रमुख मागणी होती. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी गायरानाचे तुकडे स्वकष्टाने वहितीस आणले. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद केली. गावाचा आक्षेप असा की, चराई सर्वांची आहे. आक्षेप वरवर रास्त दिसतो. पण ज्याच्या दावणीला जनावरेच नाहीत, त्याला त्या चराईतून काय मिळाले?

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. सामाईक जमिनी गिळंकृत करणाऱ्या धनदांडग्यांना त्याने चाप बसावा, हे योग्यच. शासकीय अधिसूचनेन्वये भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना पट्टा मिळाला असेल, तर अपवाद करता येईल, असेही न्यायालयाने त्यात नमूद केले. मात्र ज्यांनी वर्षानुवर्षे जमीन कसली आणि ज्यांच्या हाती कागद पडलाच नाही, त्यांना या अपवादाचा आधार सहजी मिळत नाही. अशा कुटुंबांच्या कसणुकीची नोंद करून घेणे हे ग्रामसभेतील आपल्या प्रतिनिधींचे पहिले काम आहे, आणि त्यासाठी गावाच्या सामाईक जमिनीच्या चर्चेत त्यांनी उपस्थित असले पाहिजे.