रोज पाण्याखाली जाणारा रनवे: लोगनएअर ही छोटी एअरलाइन चालते कशी?

कॉलेजात असताना मी विमानांची वेळापत्रकं दाखवणारं एक छोटं ॲप लिहीत होतो. टेस्टिंगसाठी घेतलेल्या डेटात ग्लासगो ते बारा या मार्गाच्या वेळा सारख्या बदलताना दिसल्या. एका दिवशी सकाळी, काही दिवसांनी दुपारी. टाइमझोनचा घोळ असणार म्हणून दोन तास माझाच कोड तपासत बसलो. कोड बरोबर होता. रनवेच भरतीच्या वेळी पाण्याखाली जात होता!

बारा (आकडा नव्हे, नावच तसं आहे) हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं एक बेट. तिथले तिन्ही रनवे म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू. टोकांना लाकडी खांब रोवलेत, बाकी काही नाही. तीन रनवे त्रिकोणात आहेत, कारण विमानाला शक्यतो समोरून वारा घेत उतरायचं असतं आणि तिथला वारा दिशा बदलतो. नियमित प्रवासी विमानं भरती-ओहोटीप्रमाणे किनाऱ्यावर उतरतात असा जगातला हा एकमेव विमानतळ मानला जातो.

कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे 'रोज १०:१५' अशी एक ओळ सिस्टीममध्ये टाकून मोकळं होता येत नाही, प्रत्येक तारखेची वेळ वेगळी भरावी लागते. बरं, ग्लासगोला तेच विमान आणि तोच पायलट पुढच्या फेरीसाठी हवा असतो. म्हणजे चंद्र एका मार्गाची वेळ हलवतो आणि त्याबरोबर बाकीच्या फेऱ्याही हलतात. भरती आधीच गणिताने काढता येते म्हणून वेळापत्रक आगाऊ छापता तरी येतं. जोराचा वारा किती पाणी आत लोटेल, हे मात्र त्या दिवशीच कळतं.

यासाठी वापरतात १९ सीटचं ट्विन ऑटर. मोठे पंख, कमी वेगातही उचलून धरणारे फ्लॅप, म्हणून छोटा रनवे पुरतो. चाकं आत घेतली जात नाहीत, म्हणजे वाळू अडकायला तेवढी यंत्रणाच कमी. मीठ मात्र धातू खातं, त्यामुळे विमान धुणं हा देखभालीचाच भाग.

आता थोडा इतिहास. १ फेब्रुवारी १९६२ ला विली लोगन या बांधकाम व्यावसायिकाने ही कंपनी काढली, एअर टॅक्सी म्हणून. टे नदीवरचा रस्ता-पूल बांधणारी कंपनी त्याचीच. १९६६ मध्ये तो विमान अपघातातच गेला. पुढे मालक बदलत गेले. १९९४ पासून विमानांवर ब्रिटिश एअरवेजचा रंग, २००८ पासून फ्लायबीचा. २०१७ मध्ये कंपनी पुन्हा स्वतःच्या नावाने उडायला लागली. हा निर्णय किती वेळेवर झाला बघा: मार्च २०२० मध्ये फ्लायबी बुडाली आणि तिचे काही मार्ग लोगनएअरनेच उचलले.

ऑर्कनी बेटांवरचा वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा तिचा मार्ग तर २.७ किलोमीटरचा. वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा चांगला असेल तर त्याहून कमी. विक्रम ५३ सेकंदांचा! ८ प्रवाशांचं आयलंडर विमान, पायलट एकच, शेजारच्या सीटवर प्रवासी. गंमत वाटते, पण बेटांवर फिरतीवर जाणारे शिक्षक आणि डॉक्टर याच विमानांनी जातात.

एवढ्या तिकिटांत इंधन सुटणार नाही, हे उघड आहे. म्हणून असे मार्ग सरकारी मदतीवर चालतात. ऑर्कनीत स्थानिक कौन्सिल पैसे घालतं, बारासाठी स्कॉटलंडचं सरकार. आपल्या 'उडान'मध्येही तुटीची भरपाई मिळते, पण एका मार्गाला तीनच वर्षं, पुढे तो मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील या हिशोबाने. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभरच्या आसपास. तिथे तो हिशोब कधीच जुळणार नाही, आणि तो तसा मांडलेलाही नाही.

वाळूत कायमचे दिवे बसवता येत नाहीत, त्यामुळे बाराची नियमित विमानं दिवसाच येतात. रात्री कुणाला तातडीने हॉस्पिटलला न्यायचं असेल, तर किनाऱ्यावर चमकणाऱ्या पट्ट्या अंथरतात आणि गाड्यांचे हेडलाइट लावून विमानाला जागा दाखवतात.