मंकी आयलंड : मशीन गेलं, गोष्ट उरली

संगणकावरच्या खेळाला कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हटलं की मी १९९० सालच्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'कडे बोट दाखवतो. अमेरिकेतल्या लुकासफिल्म गेम्सचा हा खेळ. कर्ता रॉन गिल्बर्ट, जोडीला टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन. समुद्री चाचा व्हायला निघालेल्या गायब्रश थ्रीपवुड नावाच्या बावळट पोराची ही गोष्ट.

त्याआधीच्या बऱ्याच साहसी खेळांत हुकूम टाइप करावा लागे. नेमका शब्द सुचला नाही की गाडी अडली. शिवाय पाऊल चुकलं की मरण. गिल्बर्टने १९८९ साली लेख लिहून या खोडींवर टीका केली. १९८७ च्या 'मॅनिअ‍ॅक मॅन्शन'मध्ये त्याने आणि गॅरी विनिक यांनी क्रियापदं पडद्यावरच मांडली होती: उघड, ढकल, दे. शब्द निवडा, मग वस्तू निवडा. मंकी आयलंडमध्ये तर मरण जवळजवळ हद्दपारच केलं.

इथली तलवारबाजी म्हणजे सवाल-जवाबच! समोरचा अपमान करतो, तुम्ही चोख उत्तर द्यायचं. हरलात तर नवा टोमणा शिकता. शेवटी तलवारबाजीतली उस्ताद बाई वेगळेच टोमणे मारते आणि जुनीच उत्तरं तिथे बसवावी लागतात. म्हणजे घोकंपट्टी पुरत नाही, अर्थ कळावा लागतो.

पण खरी गंमत पडद्यामागे आहे. 'स्कम' या पद्धतीत गोष्ट वेगळी लिहिलेली असे आणि ती वाचून चालवणारा प्रोग्रॅम वेगळा. त्यामुळे मशीन बदललं तरी फक्त वाचणारा बदलायचा. २००१ साली लुडविग स्ट्रिगियस आणि विन्सेंट हॅम यांनी 'स्कमव्हीएम' हा असाच नवा, मोफत वाचणारा सुरू केला. पुढे २०१३ साली डिस्नेने लुकासआर्ट्सचं खेळ बनवणं बंद केलं, पण जुने खेळ चालतच राहिले. २०२२ साली गिल्बर्टने 'रिटर्न टू मंकी आयलंड'ही आणला.

आम्हा कारकुनांना याचं मोल लगेच कळतं. शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो, पण फ्लॉपी घालायची कुठे? युनिकोड रुळण्याआधी टाइप केलेला कितीतरी मराठी मजकूर तो जुना फॉण्ट नसेल तर आज नुसती अगम्य चिन्हं दाखवतो. एका चाच्याच्या विनोदांसाठी कुणीतरी वाचणारा घडवला. आपल्या मजकुरासाठी तो आपणच घडवायला हवा.