कानांत बोटे घातलेला मुलगा

इतिहासाची साधने दोन प्रकारची असतात. शिलालेख, सनदा, बखरी ही हेतुपूर्वक मागे ठेवलेली. दुसरी नकळत मागे राहिलेली. या दुसऱ्या प्रकारावर आमची श्रद्धा अधिक आहे, कारण त्या साक्षीदारांना कोणी पढवलेले नसते. १९५९ साली प्रदर्शित झालेल्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या गाजलेल्या अमेरिकन हेरपटात असा एक साक्षीदार आहे.

चित्रपटाचा विषयच मुळी बनावट. रॉजर थॉर्नहिल या जाहिरात व्यावसायिकाला शत्रूचे हेर जॉर्ज कॅप्लन समजून पळवून नेतात. आणि कॅप्लन तर सरकारी गुप्तहेरांनी शत्रूला चकवण्यासाठी रचलेला, अस्तित्वातच नसलेला मनुष्य!

पडद्यामागेही तोच प्रकार. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात चित्रीकरणास परवानगी मिळाली नाही, तेव्हा नायक कॅरी ग्रँट इमारतीत शिरतानाचे दृश्य लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपले आणि आतला भाग स्टुडिओत उभारला. विमान नायकाचा पाठलाग करते ते इंडियानातील शेत वस्तुतः कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळचे. माउंट रशमोअरवरील राष्ट्राध्यक्षांच्या शिल्पांवर झटापट करू देण्यास स्मारकाचे रक्षक तयार नव्हते. म्हणून ते पाषाणमुखही स्टुडिओतच घडले. नायकाच्या आईचे काम करणाऱ्या जेसी रॉइस लँडिस त्याच्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठ्या होत्या. आगगाडीच्या भोजनकक्षातील नायिकेचे एक वाक्य सेन्सॉरला रुचणारे नव्हते, म्हणून नंतर बदलले गेले. आवाज बदलता आला, ओठ बदलता आले नाहीत. ते आजही मूळ शब्दच उच्चारतात.

आता तो साक्षीदार. माउंट रशमोअरच्या उपाहारगृहात नायिका थॉर्नहिलवर पिस्तूल झाडते. मागच्या टेबलाशी एक लहान मुलगा बसला आहे. पिस्तूल झाडण्याच्या आधीच तो कानांत बोटे घालतो! तालमीत तो आवाज त्याने ऐकला असावा, हे उघड आहे. गंमत अशी की कथेतही ती गोळी खोटीच आहे. शत्रूला फसवण्यासाठी रचलेले ते नाटक. माणूस खोटा, गोळी खोटी. खरी फक्त त्या बाळाची धास्ती. प्रत्येक दृश्य आधी कागदावर रेखाटणारे अशी हिचकॉक यांची ख्याती. तरीही तो मुलगा चित्रपटात राहिलाच. रसिक याला चूक म्हणतात. आम्ही त्याला साक्ष म्हणतो.

दिग्दर्शकाच्या जीवनाचेही असेच झाले. लंडनच्या सेंट इग्नेशियस कॉलेजात येशूसंघीयांच्या छत्राखाली शिकलेल्या हिचकॉक यांनी अखेरीस धर्मगुरूंना दूर ठेवले, असे एका चरित्रकाराने लिहिले. परंतु २०१२ साली एका येशूसंघीय धर्मगुरूंनी आपली आठवण प्रसिद्ध केली. १९८० साली, हिचकॉक यांच्या अखेरच्या दिवसांत, त्यांच्या घरी मिस्सा अर्पण होत असे. दीर्घकाळ ख्रिस्तसभेपासून दूर राहिलेला तो वृद्ध प्रतिसाद देई तो जुन्या वळणाने, लॅटिनमध्ये. आणि ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर त्याच्या गालांवरून निःशब्द अश्रू ओघळले.

त्या अश्रूंची तालीम झाली नव्हती. एखाद्या माणसाच्या श्रद्धेविषयी निकाल देण्यापूर्वी, चित्राच्या मागच्या टेबलाकडेही एकवार पाहावे, एवढेच आमचे सांगणे.