उल्हास खोऱ्यातील पवित्र वास्तू आणि आपला वारसा

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे भाविकांचे मन साहजिकच मागे वळते. आपले वाडवडील येथे केव्हा आले, त्यांनी पहिला मिस्साबली कोठे ऐकला, असे प्रश्न घरोघरी निघतात. आणि त्यांच्या पाठोपाठ एक खंतही बोलून दाखविली जाते. वसई, ठाणे अथवा गोवे येथील बांधवांना शेकडो वर्षांची ख्रिस्तमंदिरे लाभली; उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील कॅथॉलिकांना मात्र अभिमानाने दाखविण्यासारखे जुने असे काहीच नाही, ही ती खंत होय. तिच्यात तथ्य किती, हे पाहण्याचा यत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ज्या भूमीवर आपण वसलो आहोत ती ईश्वरभक्तीला नवखी नाही. अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळचे आहे. छित्तराजाच्या कारकिर्दीत त्याच्या कामास प्रारंभ झाला व त्याचा बंधू मुम्मुणी याने ते पुढे नेले, असे अभ्यासक मानतात. काळ्या पाषाणाच्या या वास्तूत मंडपातून पायऱ्या उतरून खाली गेल्यावर गाभारा लागतो, आणि बाहेरच्या भिंतींवर तर शिल्पावाचून मोकळी जागा शोधावी लागते. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ कोरलेला आहे. रोम येथील संत पेत्राच्या सांप्रतच्या महामंदिराची कोनशिला १५०६ साली बसविली गेली. त्यापूर्वी साडेचारशे वर्षे आमच्या या लहानशा नदीकाठी कारागिरांच्या छिन्न्या चालत होत्या! आपली श्रद्धा निराळी आहे हे खरे. तथापि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर ख्रिस्तसभा करीत नाही, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. म्हणून शेजाऱ्याच्या या पुरातन मंदिरास आदराने पाहणे हे ख्रिस्ती मनास शोभणारेच आहे.

वालधुनी उल्हास नदीस मिळते, आणि उल्हास बदलापूर, कल्याण ही स्थळे मागे टाकून वसईच्या खाडीने समुद्रास जाते. या जलमार्गानेच आपल्या श्रद्धेची पहिली चाहूल या प्रांती लागली. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ नामक ठिकाणी ख्रिस्ती लोक असल्याचे व त्यांचा बिशप इराणातून दीक्षा घेऊन येत असल्याचे लिहून ठेविले. हे स्थळ केरळातील असावे असे काही विद्वान म्हणतात. अनेकांच्या मते मात्र ते आपले कल्याण बंदरच होय. १९८८ साली सिरो-मलबार बांधवांसाठी कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली, तेव्हा या प्राचीन नावास पुन्हा एकवार बिशपांचे पीठ लाभले.

यानंतरची हकीकत अधिक निश्चित आहे, आणि ती रक्ताने लिहिलेली आहे. १३२१ साली इराणच्या आखातातून निघालेले एक गलबत ठाण्यास लागले. त्यात तोलेंतीनोचे थोमस, पादुआचे याकोब व सिएनाचे पेत्र हे तीन इटालियन फ्रान्सिस्कन संन्यासी आणि तिफ्लिसचे बंधू देमेत्रियुस असे चौघे होते. तेथील पूर्व-सीरियन परंपरेच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. पुढे एका तंट्याच्या निमित्ताने ते काझीसमोर उभे राहिले, तेथे त्यांच्या श्रद्धेविषयी प्रश्न निघाले. त्यांनी ती लपविली नाही आणि एप्रिल महिन्यात चौघांनीही प्राणार्पण केले. त्यांचे सोबती डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन हे त्या वेळी ठाण्यात नव्हते. त्यांनी मागाहून येऊन हुतात्म्यांचे देह सोपाऱ्यास नेले व तेथील संत थोमसच्या ख्रिस्तमंदिरात पुरले. काही वर्षांनी ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत वाहून नेल्या. सोपाऱ्याच्या त्या मंदिराचा आज दगडही दाखविता येत नाही. परंतु जॉर्डन यांनी त्याच वर्षी आपल्या सहधर्मींना पत्र लिहिले, आणि त्या पत्रामुळे ही साक्ष सातशे वर्षांनंतरही आपणापर्यंत पोहोचली. वाचकांनी ही गोष्ट मनात ठेवावी. शेवटी तिच्याकडे आम्हास पुन्हा वळावयाचे आहे.

धन्य थोमस यांचे तोलेंतीनो हे इटलीच्या मार्के प्रांतातील एक लहानसे गाव. तेथील मुख्य मंदिरात संत कातेर्व्हो यांची चौथ्या शतकातील संगमरवरी शवपेटी आहे. संत निकोलस यांच्या महामंदिरातील एका कक्षाच्या भिंती चौदाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत. अशा मंदिरसमृद्ध गावाचा सुपुत्र आपल्या खाडीकाठी देह ठेवितो, आणि तेथील लोक त्याचे मस्तक म्हणून एक पवित्र अवशेष आजतागायत भक्तिभावाने जपतात! १८९४ साली परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी थोमस यांच्या भक्तीस मान्यता दिली. तोलेंतीनोच्या इतिहासाचे एक पान अशा रीतीने आमच्या खाडीकाठी लिहिले गेले आहे.

मग वसईसारखी जुनी ख्रिस्तमंदिरे आपल्याकडे का नाहीत? कारण उघड आहे. १५३४ च्या तहाने वसई व तिचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्या आश्रयाने वसई, साष्टी व ठाणे येथे मंदिरे उठली, आणि ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठचे संत योहान बाप्तिस्ताचे मंदिर त्याच परंपरेतील आहे. परंतु कल्याण व त्यावरील खोरे पोर्तुगीजांच्या स्थिर अमलाखाली कधीच आले नाही. ते निजामशाही, आदिलशाही अशा सत्तांखाली राहिले, व १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण हस्तगत केले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तर पोर्तुगीज सत्ताच या प्रांतातून उठली. तेव्हा येथील ख्रिस्ती वस्तीला राजाश्रयाचा पाया नाही. तिचा पाया कष्टाचा आहे.

आगगाडी १८५४ साली कल्याणास आली आणि दोन वर्षांत खोपोलीपर्यंत गेली. तिच्यामागून अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना व पुढे सरकारी शस्त्रास्त्रनिर्मितीचे कारखाने आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची प्रचंड छावणी पडली. १९४७ च्या फाळणीनंतर त्याच बराकींत सर्वस्व गमावलेल्या सिंधी निर्वासितांनी संसार मांडले, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव दिले. त्यांनी येथे आपले दरबार व गुरुद्वारे उभारली. पोटापाण्यासाठी गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू व ठाणे-वसईकडून आलेल्या कॅथॉलिकांनी आपल्या वेद्या उभारल्या. ज्यांनी गाव सोडले त्यांनी देव सोडला नाही, हे दोघांच्याही बाबतीत सारखेच खरे आहे.

असो. आरंभीच्या खंतीस आता उत्तर देता येईल. अंबरनाथच्या मंदिराचा काळ आपणास कळतो, कारण कोणीतरी तो दगडात कोरला. सोपाऱ्याचे मंदिर नाहीसे झाले, तरी हुतात्म्यांची नावे उरली, कारण एका धर्मगुरूने पत्र लिहिले. उणीव जुन्या इमारतींची नाही. लिहून ठेवण्याची आहे. विवाह व बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा दंडक त्रेंत येथील परिषदेने १५६३ सालीच घालून दिला, आणि धर्मग्रामाची ती वहीच गरिबांचा शिलालेख होय. परंतु वहीत नाव असते, हकीकत नसते. आपले आजोबा कोणत्या गावाहून आले, कोणत्या कारखान्यात राबले, मंदिर बांधताना कोणी आपला रविवार दिला, हे सांगणारी पिढी दरवर्षी थोडी थोडी आपणांतून जात आहे. तिच्याबरोबर जे जाईल ते कोणत्याही संग्रहात पुन्हा सापडणार नाही.

म्हणून प्रत्येक कुटुंबास आमची नम्र विनंती आहे की, या महोत्सवाच्या वर्षात घरातील वृद्धांजवळ बसावे, त्यांचे बोलणे तारखांसह लिहून घ्यावे व ते कागद धर्मग्रामाच्या कार्यालयात सुपूर्त करावे. ठाण्याच्या धन्य हुतात्म्यांच्या मध्यस्थीने परमेश्वर या कार्यास यश देवो, आणि पुढील महोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या नातवंडांच्या हाती आपणाहून भरलेली पाने पडोत, हीच आमची प्रार्थना.