दारू, यकृत आणि वर्धा नदीचे दोन काठ

मद्यपींचे यकृत गाठाळ होते, हे स्कॉटिश वैद्य मॅथ्यू बेली यांनी १७९३ मध्ये नोंदविले. १८१९ मध्ये फ्रान्सच्या लेनेक यांनी अशा यकृताच्या पिवळसर-तपकिरी रंगावरून ‘सिरोसिस’ हे नाव रूढ केले. (स्टेथोस्कोपचे जनकही तेच!) कारण कळले, पण दारू सुटेना.

विदर्भात लोकांना समजावण्याचे काम रुग्णालयांच्या आधी कीर्तनाने केले. गाडगेबाबा (१८७६–१९५६) श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आजचे समुपदेशक याहून फार वेगळे काय करतात?

पुढे शासनाने बंदीचा मार्ग धरला, तोही अर्धवट. नदीच्या एका काठावरील वर्धा जिल्हा दारूबंद, तर दुसऱ्या काठावरील यवतमाळ खुला. यवतमाळच्या स्त्रियांनी बंदीसाठी मोर्चे काढले. पण बंदीने दुकान मिटते, तलफ मिटत नाही.

१९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे व्यसनाला पाप न मानता आजार मानले गेले आणि कुटुंबालाही उपचारांत सामावून घेतले गेले.

गावोगावच्या शपथांमधून मात्र एक बारकावा निसटतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर झटके व भ्रम उद्भवून जिवावर बेतू शकते. त्यामुळे यकृताच्या रुग्णाला शपथेआधी डॉक्टर गाठावा लागतो.